ऊन, पाऊस आणि आपल्या परिसरातील प्राचीन मंदिरे



भिलाईत राहणाऱ्या मराठी माणसाला ‘देवदर्शनाला कुठे जाणार?’ असे विचारले, तर पंढरपूर, कोल्हापूर, शेगाव, अष्टविनायक ही नावे चटकन तोंडी येतात. त्यात गैर काहीच नाही. गावाची ओढ आणि कुलदैवताची ओढ या आपल्याकडे एकच असतात. पण आपण ज्या मातीत तीस-चाळीस वर्षे भाकरी खाल्ली, त्या छत्तीसगडच्या मातीत आठशे ते चौदाशे वर्षांची मंदिरे उभी आहेत. त्यांतले सर्वांत जवळचे तर पावर हाउस स्टेशनातून रायपूरकडे जाणाऱ्या लोकलने जेमतेम दोन स्टेशनांवर आहे. ते आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? मी स्वतः नोकरीला लागल्यानंतर पहिली दहा वर्षे पाहिले नव्हते, हे आधीच कबूल करतो.

प्रवासाच्या पुस्तकात लिहिलेले असते की ही मंदिरे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाहावीत. पण नोकरदार माणसाला सुट्टी मिळते ती मुलांच्या शाळांना सुट्टी असते तेव्हा, म्हणजे मे महिन्यात, नाहीतर १५ ऑगस्टला जोडून. त्यामुळे मी ही मंदिरे पाहिली ती एकतर चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात, नाहीतर भर पावसात. सुरुवातीला त्याची खंत वाटे. पुढे एका ज्येष्ठ सहकाऱ्यामुळे माझे मत पार बदलले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

देवबलोदा : मे महिन्यातील दुपार

पावर हाउसनंतर भिलाई आणि मग देवबलोदा-चरोदा. या छोट्या स्टेशनापासून जवळच कलचुरी काळातील शिवमंदिर आहे. ते साधारण बाराव्या-तेराव्या शतकातील मानले जाते आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. त्या दिवशी चरोदा, कुम्हारी आणि भिलाई-३ ची माणसे लोटतात. एरवी मात्र शांतता असते.

मंदिर वालुकाश्माचे आहे. बाहेरच्या भिंतींवर हत्ती, शिकारीचे प्रसंग, नर्तकी, देवदेवता अशा आकृत्यांच्या ओळी कोरलेल्या आहेत. शेजारी एक कुंड आहे. शिखराचा वरचा भाग मात्र नाही. त्याची एक लोककथा सांगतात. मंदिर घडवणारा कारागीर सहा महिन्यांच्या रात्रीत काम करत होता. कामात तो इतका बुडालेला, की अंगावरच्या वस्त्राचेही त्याला भान नव्हते. रोज त्याची बायको जेवण घेऊन येई. एके दिवशी बहीण आली. लाजेने त्याने कुंडात उडी घेतली आणि शिखर तसेच राहिले. तो भुयारातून थेट आरंगला निघाला आणि तिथे दगड झाला, असे म्हणतात. आरंगला भांड देऊळ नावाचे प्राचीन जैन मंदिर आहे. दोन गावांतील मंदिरांना लोकांनी असे एका कथेत गुंफले आहे.

आम्ही मे महिन्यात दुपारी दोन वाजता तिथे पोहोचलो. चप्पल काढून फरसबंदीवर पाऊल ठेवले आणि अक्षरशः उड्या मारत मंडप गाठला. मुले हसत होती, सौभाग्यवती रागावल्या होत्या. पण मंडपात पाऊल टाकताच सगळे गप्प झाले, कारण आत चांगलाच गारवा होता. पंखा नाही, कूलर नाही. जाड दगडी भिंती दिवसभराचे ऊन बाहेरच्या बाहेर सोसतात आणि आत यायला त्याला वेळ लागतो. दारे-खिडक्या थोड्या, त्यामुळे गरम वारा घुसत नाही. आपल्या क्वार्टरचे छत दुपारी तीनलाच तापते. हे छत आठशे वर्षे तापते आहे आणि तरीही खाली बसलेल्या माणसाला डुलकी लागते! भट्टीसमोर नोकरी केलेल्या माणसाला तर याचे विशेष कौतुक वाटावे. त्या दिवशी आम्ही दोन तास मंडपात बसून होतो. मंदिर ‘पाहिले’ असे म्हणण्यापेक्षा मंदिराने आम्हाला आसरा दिला, असे म्हणणे योग्य ठरेल.

सिरपूर : पावसातील दिवस

आता त्या सहकाऱ्यांविषयी. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणत असू. मूळचे वर्धेकडचे. प्लांटमध्ये सारी हयात मेंटेनन्समध्ये गेली. माणूस मोजकेच बोलणारा, पण बोलला की लक्षात राहणारा. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे पुण्याला जाणार होते. जाण्यापूर्वी एकदा सिरपूर पाहू, असे त्यांनीच सुचवले. २००४ चा ऑगस्ट महिना होता. आम्ही पाच जण एका गाडीतून निघालो. रायपूर, आरंग मागे टाकून महासमुंदच्या दिशेने जाताना कुहरी मोडला डावीकडे वळावे लागते. तिथून जंगलाच्या कडेने जाणारा रस्ता महानदीकाठच्या सिरपूरला नेतो. भिलाईपासून अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर धरावे.

सिरपूर म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. इथले लक्ष्मण मंदिर विटांचे आहे. ते सातव्या शतकातील, म्हणजे सुमारे १४०० वर्षांपूर्वीचे. नाव लक्ष्मणाचे पडले असले तरी मुळात ते विष्णूचे. गाभाऱ्याची चौकट दगडी असून तिच्या माथ्यावर शेषशायी विष्णू कोरलेला आहे. बाकी सारे शिखर विटांचे. विटा इतक्या जवळजवळ बसवलेल्या, की सांधा शोधावा लागतो. विटांवरच खिडक्यांचे आणि वेलबुट्टीचे आकार कोरलेले आहेत.

आम्ही पोहोचलो आणि पावसाने जोर धरला. आम्ही चौघे छत्र्या सावरत चौकटीवरील मूर्ती पाहायला धावलो. भाऊ मात्र बाहेरच उभे. मी हाक मारली, तर म्हणाले, “मूर्त्या मग पाहू. पहिले पाणी कुठून जाते ते पाहू दे.”

आणि खरोखरच ते अर्धा तास छत्री धरून मंदिराभोवती फिरले. शिखराकडे बोट दाखवून मला म्हणाले, “पाणी कुठं थांबते का पाहा.” मी पाहू लागलो. पाणी वरून येत होते, एका थरावरून दुसऱ्या थरावर पडत होते, प्रत्येक थराच्या बाहेर आलेल्या कडेवरून टपकत होते. भिंतीला चिकटून खाली येत नव्हते, जवळजवळ सगळे पागोळीसारखे बाहेर पडत होते. आम्ही ज्याला नक्षी समजत होतो, त्या आडव्या पट्ट्या पावसात वळचणीचे काम करत होत्या. खाली उंच दगडी जोते आहे. पाणी त्यावर पडून उतरून जात होते आणि विटांच्या पायथ्याशी साचत नव्हते. “वीट पाण्यानं मरत नाही,” भाऊ म्हणाले, “साचलेल्या पाण्यानं मरते.”

मग त्यांनी मला मंदिरासमोरचा भाग दाखवला. तिथे पूर्वी मंडप होता. आज त्याच्या खांबांचे अवशेष तेवढे उरले आहेत. गाभारा आणि त्यावरील शिखर उभे, पण मंडप गेला. का गेला असावा, यावर आमच्यात वाद झाला. भाऊंचे म्हणणे असे, की उभट शिखरावर पाणी राहत नाही, मंडपाचे छप्पर पसरट, तिथे पाणी रेंगाळले असणार, मग झाड उगवले असणार, मुळे घुसली असणार. हा अर्थात एका मेंटेनन्सवाल्याचा अंदाज. पण लक्ष्मण मंदिराजवळच राम मंदिर म्हणून ओळखले जाणारे आणखी एक विटांचे मंदिर आहे. त्याचा केवळ खालचा भाग शिल्लक आहे. गाव तेच, ऊन तेच, पाऊस तोच, सामान तेच. एक उभे आहे आणि एक ढिगारा झाले आहे. हे पाहिल्यावर नुसते ‘पूर्वजांचे कौशल्य’ म्हणून हात जोडून भागत नाही. प्रश्न पडतोच.

आपल्या भागात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. मग जूनच्या मध्यावर पहिली सर येते आणि तापलेला दगड एकदम भिजतो. दगड-वीट तापली की किंचित फुगते, निवली की आखडते. वर्षातून असे शेकडो वेळा होते. त्यातून बारीक भेग पडते. भेगेत पाणी शिरते, पाण्याबरोबर माती जाते, मातीत पाखराने टाकलेले पिंपळाचे बी रुजते. पुढचे काम पिंपळ करतो. चार महिन्यांत हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात शत्रू कोणी मोठा नसतो. एक न भरलेली भेग आणि एक तुंबलेली पन्हळ एवढे पुरते.

वासटा राणीचा शिलालेख

हे मंदिर कोणी बांधले, याचा उलगडा एका शिलालेखामुळे झाला. तो लेख आज रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे. त्यातून कळते, की महाशिवगुप्त बालार्जुन या राजाची आई वासटा हिने आपले दिवंगत पती हर्षगुप्त यांच्या स्मरणार्थ हे विष्णुमंदिर बांधविले. ती मगधाच्या सूर्यवर्म्याची कन्या. म्हणजे लग्न होऊन दूरदेशी आलेली, तुमच्या-आमच्या घरातील अनेक भगिनींसारखीच. पतीच्या मागे तिने त्याची आठवण परक्या मुलखात उभी केली आणि तो मुलूख तिचा झाला.

पण या लेखातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. राणीने मंदिरासाठी गावे दान दिली आणि त्यांच्या उत्पन्नाची वाटणीही ठरवून दिली. उत्पन्नाचे चार भाग करायचे. त्यांतून अन्नसत्र चालवायचे, मंदिराच्या सेवकांचा चरितार्थ चालवायचा, विद्वान ब्राह्मणांना वाटा द्यायचा आणि एक भाग मंदिराची जी मोडतोड होईल तिच्या दुरुस्तीसाठी ठेवायचा. ब्राह्मणांच्या वाट्यालाही अटी आहेत. पुढच्या पिढीतील जो विद्वान असेल, जुगारी-व्यसनी नसेल, त्यालाच वाटा मिळेल. नुसता मुलगा आहे म्हणून मिळणार नाही. शिवाय तो वाटा विकता किंवा गहाण टाकता येणार नाही.

वाचकहो, मंदिर नवेकोरे असताना, कळस चढून फार काळ झालेला नसताना, या बाईने ‘हे मोडणार आहे’ हे गृहीत धरले होते आणि त्याची तरतूद दगडावर कोरून ठेवली होती. आपल्या प्लांटमध्ये नवी भट्टी सुरू होते तेव्हाच तिची कॅपिटल रिपेअर कधी येणार याचा विचार झालेला असतो. ही दृष्टी आपल्याला आधुनिक वाटते. ती चौदाशे वर्षांपूर्वी महानदीच्या काठी होती.

हा इतिहास उजेडात आणणाऱ्यांत मराठी माणसेही आहेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८८१-८२ च्या दौऱ्यात सिरपूरला येऊन गेले होते. पण इथे पद्धतशीर उत्खनन केले ते डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी, सागर विद्यापीठाच्या वतीने, १९५३ ते १९५६ च्या सुमारास. आनंदप्रभ भिक्षूने बांधविलेला बौद्ध विहार त्यांच्या उत्खननात मोकळा झाला. भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी, आणि पहिली झोतभट्टी पेटली ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. म्हणजे इकडे आपली भिलाई कागदावर आखली जात होती, त्याच वर्षांत तिकडे एक मराठी संशोधक मातीखालचे श्रीपूर बाहेर काढत होता. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा कलचुरी शिलालेखांचा मोठा ग्रंथही १९५५ चाच. दक्षिण कोसलचा इतिहास त्यांच्या कामावाचून लिहिताच येत नाही. आपण इथे केवळ लोखंड गाळायला आलो, असे कोणी म्हणाले तर ही दोन नावे सांगावीत.

राजिम : पुरात उभे राहणारे मंदिर

उन्हाचे देवबलोदात पाहिले, पावसाचे सिरपुरात. पुराचे पाहायचे तर राजिमला जावे. महानदी, पैरी आणि सोंढूर या तीन नद्यांच्या संगमात, भर पात्रात, कुलेश्वर महादेवाचे मंदिर आहे. माघ पौर्णिमेच्या जत्रेत आपण वाळूतून चालत तिथे जातो. पावसाळ्यात तिथे चहूबाजूंनी लाल गढूळ पाणी असते. मंदिर एका उंच, भक्कम दगडी जगतीवर बांधले आहे. ही जगती साधी चौकोनी नाही, अनेक कोनांची आहे. सपाट भिंतीवर पाण्याचा लोंढा आदळला असता. कोन असल्यामुळे तो फुटून बाजूने निघून जातो.

स्थानिक लोक याची एक गोड कथा सांगतात. काठावर मामाचे देऊळ आहे आणि पात्रात भाच्याचे. पूर वाढला, की मामा हाक मारतो, ‘भाच्या, मी बुडतो, वाचव!’ मग पाणी कुलेश्वराच्या पायाला लागून ओसरू लागते. म्हणून इथे मामा-भाचे एका नावेत बसत नाहीत. छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो, कारण राम हा या भूमीचा भाचा, कौसल्येच्या माहेरचा. कथा कथेच्या जागी. पण पुराची पातळी कुठवर येते हे ठरवून मगच जोते बांधलेले आहे, हे त्या कथेतही दिसते.

राजिमच्या राजीवलोचन मंदिराच्या मंडपात भिंतीवर दोन शिलालेख आहेत. एक नल वंशाच्या विलासतुंग राजाचा, साधारण आठव्या शतकातील. दिवंगत मुलाच्या पुण्यासाठी त्याने विष्णूचे मंदिर बांधल्याचे त्यात आहे. दुसरा जगपालाचा, कलचुरी संवत ८९६ म्हणजे इ.स. ११४५ चा. एकाच भिंतीवर चारशे वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी आपापले सांगणे कोरले. वासटेने पतीसाठी, विलासतुंगाने मुलासाठी. दुःख त्यांचे होते, सावली पुढच्या पिढ्यांना मिळाली.

भोसल्यांचे रतनपूर

मराठी वाचकांच्या स्मरणिकेत रतनपूरचा उल्लेख राहून चालणार नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांनी रतनपूरवर स्वारी केली आणि कलचुरींची शतकानुशतकांची सत्ता संपुष्टात आली. पुढे पहिल्या रघुजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ अशी जवळपास तीस वर्षे रतनपुरात राहून कारभार केला. मराठी भाषा आणि मोडी लिपी इथल्या दप्तरात आली ती त्यांच्याच काळात. रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर बिंबाजींनी बांधविलेले. त्या टेकडीला रामटेकरी म्हणतात. नागपूरकरांना आपला रामटेक इथेही हवा होता, असे मला वाटते.

भोसल्यांच्या राज्याची सगळीच बाजू गौरवाची नव्हती. बिंबाजींच्या पश्चात सुभेदारांच्या अमलात वसुलीचा जाच झाला, हेही इतिहासात नमूद आहे. ते झाकण्याचे कारण नाही. परंतु परक्या मुलखात स्थायिक झालेला मराठी माणूस सत्तेवर असो वा पगारावर, प्रथम देऊळ बांधतो किंवा उत्सव सुरू करतो, ही परंपरा इथे किमान अडीचशे वर्षांची आहे. आपला मंडप त्याच वाटेवर आहे.

दूरदेशी हीच गोष्ट

हा प्रश्न केवळ आपल्याच भागाचा नाही. कंबोडियातील अंकोर हे आपल्यापेक्षाही अधिक पावसाचे ठिकाण. तिथल्या ता प्रोम मंदिरावर झाडांची मुळे अजगरासारखी पसरली आहेत. प्रवासी त्यांची छायाचित्रे घेतात. पण तीच मुळे भिंती उकलतात आणि तीच काही ठिकाणी त्यांना धरूनही ठेवतात, त्यामुळे झाड काढावे की ठेवावे हा मोठाच पेच. अंकोर वाट येथे १९८६ ते १९९३ या काळात आणि नंतर ता प्रोममध्ये जतनाचे काम आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केले, ही अभिमानाची बाब आहे.

पोलादाच्या गावात सांगण्यासारखे आणखी एक उदाहरण ग्रीसचे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची विसाव्या शतकाच्या सुरुवातीस दुरुस्ती झाली, तेव्हा संगमरवराचे तुकडे लोखंडी पट्ट्यांनी जोडले गेले. प्राचीन कारागिरांनीही लोखंडच वापरले होते, पण ते शिशाने मढवून. नव्या दुरुस्तीत ती काळजी घेतली गेली नाही. लोखंड गंजले, फुगले आणि त्याने संगमरवर आतून फोडला. पुढे त्या पट्ट्या काढून टायटॅनियमच्या बसवाव्या लागल्या. गंजलेले लोखंड जागा जास्त व्यापते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दुरुस्ती करणे चांगले, पण समजून केलेली दुरुस्तीच टिकते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

उघड्यावरचा गणपती

गणेशोत्सवाची स्मरणिका असल्याने बाप्पांविषयी. बस्तरमध्ये बारसूर येथे वालुकाश्माच्या दोन भव्य गणेशमूर्ती शेजारी शेजारी आहेत. आणि दंतेवाडा जिल्ह्यात बैलाडिलाच्या रांगेत ढोलकल नावाच्या डोंगराच्या टोकावर, सुमारे ३००० फूट उंचीवर, एक गणपती उघड्यावर बसला आहे. वर छप्पर नाही, भोवती भिंत नाही. शेकडो पावसाळे त्याने डोक्यावर घेतले. ऊन-पावसाने त्याचे काही बिघडले नाही. पण जानेवारी २०१७ मध्ये ती मूर्ती डोंगरावरून खाली पडून तुकडे झालेली आढळली. माणसे जंगलात उतरली, तुकडे शोधून गोळा केले आणि पुरातत्त्वज्ञ अरुणकुमार शर्मा यांच्या देखरेखीखाली ते जोडून मूर्ती पुन्हा त्याच जागी बसवली गेली. निसर्गाने सोडले तरी माणसापासून धोका असतो. आणि सांधणारीही माणसेच असतात.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

उन्हाळ्यात जाणार असाल, तर सकाळी दहाच्या आत बाहेरची शिल्पे पाहून घ्यावीत आणि दुपार मंडपात काढावी. पायात जाड मोजे असावेत, म्हणजे चप्पल काढल्यावर आमच्यासारख्या उड्या माराव्या लागणार नाहीत. पाणी, कांदा आणि टोपी विसरू नये. पावसाळ्यात दगडावर शेवाळ असते, ज्येष्ठांनी हात धरूनच पायऱ्या चढाव्यात. वीज कडाडत असताना उघड्या जोत्यावर किंवा झाडाखाली थांबू नये. राजिमला नदीला पाणी असेल तर काठावरूनच दर्शन घ्यावे. कोरीव भागाला हात लावू नये, कुंकू-तेल लावू नये, भेगेत नाणी-अक्षता कोंबू नयेत. आणि पाऊस आलाच, तर पळू नका. पाच मिनिटे उभे राहून पाणी कुठून जाते ते पाहा.

शेवटी घरची गोष्ट

भाऊ २००५ मध्ये पुण्याला गेले. सेक्टरमधील त्यांच्या क्वार्टरच्या गच्चीवर ते दर जूनला स्वतः चढत आणि पन्हळ साफ करत. आम्ही त्यांची थट्टा करायचो. ते गेल्यावर क्वार्टर काही महिने रिकामे होते. पुढच्या पावसाळ्यानंतर मी सहज तिकडून गेलो, तर कठड्याच्या भेगेत वीतभर पिंपळ उगवलेला. मी थांबून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. सिरपूरचा मंडप कसा गेला असेल, ते त्या दिवशी पटले.

हे लिहिण्याला आणखी एक निमित्त झाले. या लेखासाठी मी समितीच्या कपाटातील जुन्या स्मरणिका पाहायला मागितल्या. सुरुवातीच्या वर्षांच्या मिळाल्याच नाहीत. कपाट ज्या भिंतीला लावले होते, तिला ओल येत होती. काही अंक एकमेकांना चिकटून लगदा झाले होते, काहींना वाळवी लागली होती. कोण कुठल्या गावाहून आले, पहिला मंडप कुठे पडला, पहिल्या नाटकात कोणी काम केले, हे सारे त्या पानांवर होते. ती माणसे आता एकेक करून जात आहेत. दोष कोणाचा म्हणायचा? दरवर्षी आपण मूर्ती, मंडप, रोषणाई, प्रसाद यांचा हिशेब मांडतो. त्यात ‘दुरुस्ती’ नावाचा रकाना कधीच नव्हता. मीही काही वर्षे हिशेब लिहिले आहेत. मलाही तो सुचला नाही.

तेव्हा समितीपुढे आणि आपणा सर्वांपुढे माझी दोन विनम्र मागणी आहेत. एक, यंदापासून वर्गणीचा काही भाग, थोडा का होईना, जे आहे ते राखण्यासाठी वेगळा काढावा. वासटा राणीएवढा चौथा हिस्सा जमणार नाही, पण शेकडा पाच तरी जमेल. दुसरे, ज्यांच्या घरी जुन्या स्मरणिका, छायाचित्रे, पत्रिका असतील, त्यांनी त्या उत्सवाच्या काळात मंडपात आणाव्यात. मूळ प्रत तुमचीच राहील. आम्ही तिथेच छायाचित्र घेऊन परत देऊ. सर्वांत जुनी प्रत कोणाकडे निघते ते पाहूया.

भाऊ आता ऐंशीच्या पुढे आहेत. दरवर्षी जूनमध्ये पुण्याहून त्यांचा फोन येतो. तब्येत, मुले, प्लांटची खबरबात झाली की शेवटी विचारतात, “पन्हळ साफ केली का?” यंदा त्यांना सांगितले, की घरची केली आहे आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढले आहे. ते म्हणाले, “चांगले केले. आता भिंतीचे पाहा.”

भिंतीचे काम दिवाळीनंतर घ्यायचे ठरले आहे. मदतीला येणाऱ्यांनी समितीकडे नाव द्यावे.

गणपती बाप्पा मोरया!